भर उन्हात दिवे लावणारा जाणू

मुरबाडवरून माळशेजच्या वाटेला लागलात आणि भर दुपारी गाडीचा पुढचा दिवा चुकून चालू राहिला, तर वाटेवरचा प्रत्येक माणूस तुमचा नातेवाईक होतो. समोरून येणारा जो तो हात वर करतो आणि बोटं उघडमीट करून दाखवतो. म्हणजे, बाबा रे, दिवा चालू आहे, बंद कर. मोटारसायकलवाला दाखवतो, एसटीचा ड्रायव्हर दाखवतो, म्हशी घेऊन चाललेला गुराखीसुद्धा काठी बगलेत मारून दाखवतो. कोणाची कोण बॅटरी, पण ती उतरू नये म्हणून आपल्या मुलखात केवढी ही काळजी!

आमच्या जाणूला हा हात गेली कित्येक वर्षं दिसतो आहे. तो हसतो, मान डोलावतो आणि दिवा तसाच ठेवून पुढे जातो. एकदा तर एक मास्तर मोटारसायकल वळवून टोकावड्यापर्यंत त्याच्या मागे आले. "अरे, केव्हाचा हात करतोय मी! दिवा चालू आहे तुझा." जाणूने मास्तरांना बसवून चहा पाजला, दोन्ही हात जोडले आणि दिवा चालू ठेवूनच निघून गेला. मास्तर हातात कप घेऊन बघतच राहिले.

जाणू म्हणजे आमच्या गावाबाहेरच्या वाडीतला. बापाला जमिनीचा तुकडा नाही. पावसाळ्यात आमच्याच शेतावर लावणीला यायचा, आणि दिवाळी झाली की बायकापोरं घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर. जाणूची शाळा तिथेच सुटली. पण विटांचे ट्रक भरता भरता तो क्लीनर झाला, क्लीनरचा ड्रायव्हर झाला, आणि पुढे शहापूरकडच्या शेणव्यातून एक जुनी जीप विकत घेऊन आला. ती आणतानाची गंमत ऐका. जीपचा एकच दिवा लागत होता. तिन्हीसांजेला समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला वाटलं मोटारसायकल आहे, म्हणून तो मजेत रस्त्याच्या मधोमध आला, आणि जवळ येऊन बघतो तर जीप! सायकल टाकून तो थेट शेतात. जाणूच्या बायकोने, सावळीने, दुसऱ्या दिवशी गाडीला हार घातला तो दोन्ही दिव्यांना वेगवेगळा. म्हणाली, "आधी ह्या फुटक्याचा डोळा बरा कर, मंग पाशिंजर बसव."

त्याने तो बरा केला. तेव्हापासून मुरबाड ते वैशाखरे अशी त्याची जीप चालते. गाडी जुन्या जमान्यातली. गोल काचेचे दिवे, झोत खालीवर करायचा डिपर पायाखाली, आणि दिवा लावायला समोर एक बटण, ते बाहेर ओढायचं. आत ढकललं की बंद. रंग मूळचा कोणता ते आता देवाला ठाऊक. धूळ, डांबर आणि जीप तिन्ही एका रंगाची झाली आहेत. उभी असली तरी माणसाला शोधावी लागते.

आता दिव्याचं कारण सांगतो. ते कारण माझ्याच घरात आहे.

माझी बायको कमळ. आमच्या मनोजच्या जन्मानंतर हिला मोठा ताप आला आणि त्यात दोन्ही कान गेले. बोलते मात्र खणखणीत. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं बोलते. आमच्या गावाची पायवाट जिथे रस्त्याला मिळते तिथे मोठं वळण आहे. रस्ता ओलांडला की पलीकडे जांभळीच्या सावलीत ती पाटी मांडून बसते. उन्हाळ्यात करवंदं, पावसात काकड्या, भादव्यात चिबूड. घाटाकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात.

एक दिवस ही डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्याने चालली होती आणि मागून जाणूची जीप आली. जाणूचं आयुष्य भट्ट्यांवर आणि ट्रकवर गेलेलं, हिचे कान गेलेत हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने हॉर्न मारला. ही सरकेना. पुन्हा मारला. ही राजासारखी चालली आहे. शेवटी जीप अगदी भाऱ्याला घासून थांबली, तेव्हा कुठे हिने मागे पाहिलं आणि तोंडाचा पट्टा सुटला.

"आंधळा हायस का रे?"

"आये, हॉर्न मारला ना! किती येळ मारतोय!"

"काय बोलतंस? मोठ्यानं बोल!"

जाणू ओरडला. सगळे पाशिंजर ओरडले. शेवटी त्याने कानाला हात लावून विचारलं, तेव्हा ही म्हणाली, "कान कवाच गेले. तुजा भोंगा काय कामाचा मला? डोळं शाबूत हायत माजे. डोळ्यांना दिसंल असं काय तरी कर!"

रागात बोलली ती. दुसरा कोणी असता तर शिवी देऊन निघून गेला असता. पण जाणूने ते बोलणं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने दिवसा दिवे लावायला सुरुवात केली. हिला हातवारे करून शिकवलं, की रस्त्याच्या उजव्या अंगाने चाल, म्हणजे गाडी समोरून येते. ओलांडायच्या आधी लांब बघ, दिवा दिसला की थांब. मी त्याचे आभार मानायला गेलो तर म्हणतो, "मला हॉर्न वाजवायचा कंटाळा हाय, आजा. म्हनून लावतो."

त्या कंटाळ्यापायी त्याने काय काय सोसलं! बल्ब उडायचे. चहाला थांबला की बटण ढकलायचं राहून जायचं आणि बॅटरी बसायची. मग "उतरा रे, धक्का मारा!" पाशिंजर कुरकुरायचे, "भाडंबी आमीच द्यायचं आन् गाडीबी आमीच ढकलायची?" जाणू आतून म्हणायचा, "ढकलणाऱ्याला पुढची शीट!" आणि खरंच बसवायचा.

पुढच्या सीटवरूनच एकदा एक प्रसंग घडला. गीताबाई म्हणून पलीकडच्या गावातली बाई, मनाने लोण्याहून मऊ. त्या दिवशी ती मुरबाडहून पुढे बसली होती. वाटेत जो तो जाणूला हात करून दाखवतो आहे आणि हा नुसता हसतो आहे. तिला वाटलं, बिचाऱ्याला कळत नाही. टोकावड्याला जाणू टपावर गोणी चढवायला उतरला, तेव्हा तिने हळूच ते बटण आत ढकललं. आणि उपकार बोलून दाखवायची तिला सवय नाही, म्हणून गप्प बसली.

दिवसा आत बसलेल्याला दिवा चालू की बंद ते दिसत नाही. जाणू निघाला. इकडे वळणावर कमळ पाटी घेऊन उभी. भादव्याचं ऊन, कडेला माणसाएवढं गवत. हिने लांब पाहिलं, दिवा नाही. धुळीच्या रंगाची जीप झाडांच्या सावलीत कुठे दिसणार? ही रस्त्यात उतरली.

जाणूने करकचून ब्रेक मारला. जीप खडीवर घसरून तिरकी उभी राहिली. हिला धक्का लागला नाही, पण घाबरून मागे पडली, गुडघा सोलवटला, आणि चिबडं रस्ताभर फुटली. मी पायवाटेवरून धावत आलो तेव्हा जाणू रस्त्यातच बसला होता आणि कमळ त्याच्यावर ओरडत होती. "दिवा का नाय लावलास? आं? दिवा का नाय?"

गीताबाई रडत खाली उतरली. "मीच बंद केला गो!"

"काय?"

"मीच! बंद! केला!"

हिला कळेना. मग त्या माउलीने रडत रडतच हात वर करून बोटं उघडमीट केली आणि बटण ढकलून दाखवलं. कमळने तिच्याकडे पाहिलं. "बॅटरी वाचवलीस व्हय? बरं केलंस. मी मेली असती तर तेवढी बॅटरी तरी राहिली असती!" आणि स्वतःच हसली. गीताबाई आणखी रडायला लागली. अजूनही ती भेटली की कमळसाठी पिशवीतून काही ना काही काढून देते.

पण मनोज हसला नाही. तो मुरबाडला कारखान्यात कामाला आहे. संध्याकाळी आला, आईचा गुडघा पाहिला आणि म्हणाला, "आता रस्त्याला जायाचं नाय. बस झालं." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याचीच आई.

कमळ घरी बसली. आणि बसली म्हणजे खरोखर बसली. घरात सगळे बोलतात, टीव्ही बोलतो, फोन बोलतो, त्यातलं तिच्यापर्यंत काहीच येत नाही. रस्त्यावरची गोष्ट वेगळी. तिथे गाडीतून उतरणारा माणूस भावसुद्धा बोटांनी करतो, नको तर मान हलवतो, हवं तर हसतो. तिथे ती कोणापेक्षा कमी नसते. घरी ती भिंतीला टेकून पायवाटेकडे बघत राहायची. तिचा तो खणखणीत आवाज बंद झाला, आणि आयुष्यभर ज्या आवाजाने माझे कान किटले त्यासाठी मी कासावीस झालो.

मग एका रविवारी जाणू आमच्या अंगणात आला. मनोजसमोर उभा राहिला. "दादा, आयेला रस्त्यावर यू दे. दिवा कोनाला बंदच करता येनार नाय, अशी सोय करतो."

"आणि परत झालं तर?"

"आधी तू सोता बघ. तुला पटलं तरच."

मुरबाडला सुरेंद्र म्हणून गाड्यांचं वायरिंग करणारा आहे. त्याने जाणूला सांगितलं होतं, की हल्लीच्या नव्या गाड्यांना दिवसा पेटणारे वेगळे दिवे असतात, डीआरएल म्हणतात त्यांना. रात्री रस्ता दिसावा म्हणून ते नसतातच, गाडी इतरांना दिसावी म्हणून असतात. पांढरेशुभ्र, बॅटरी फार खात नाहीत. चावी फिरवली की पेटतात, चावी काढली की विझतात, मधे बटणच नाही. जुन्या गाडीलाही बसवता येतात. झालं, जाणूने गाडी त्याच्याकडे लावली.

मनोजच्या सुट्टीच्या सकाळी परीक्षा ठरली. कमळ नेहमीच्या जागी, जांभळीखाली. मी अलीकडे पायवाटेच्या तोंडाशी. जीप टोकावड्याकडून येणार, तिच्यात जाणू, सुरेंद्र आणि मनोज. दिवा दिसला की कमळने हात वर करायचा, एवढंच. ती पाटी भरून घेऊन आली होती. मी खुणेनेच विचारलं, हे कशाला? म्हणाली, "रिकामी बसू व्हय?"

वळणाच्या अलीकडे ओढ्यावर एक मोरी आहे, तिथे रस्ता पाठ उचलतो. जीप मोरीच्या चढाला लागली तरी हिचा हात खालीच. माथ्यावर येऊन उतरायला लागली, तेव्हा कुठे हात वर गेला. जीप वळणावर येऊन थांबली तेव्हा मनोजचा चेहरा पडलेला. "बघितलंस, जाणू? एवढ्या जवळ आल्यावर दिसला. संपलं."

सुरेंद्रने दिवे खाली बंपरला लावले होते. मोरीच्या उंचवट्याआड ते झाकले जात होते. पण आम्ही काही बोलायच्या आधीच कमळ रस्ता ओलांडून आली आणि जीपसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय, गुडघ्याला दिवे बांधलंस? म्हातारी काय जमिनीवर डोळं घिऊन बसलीय? वर घे, वर! मोठ्या दिव्यांशेजारी!"

सुरेंद्र हसून म्हणाला, "आजी, तुमीच बसवा आता." पण तिथेच, रस्त्याच्या कडेला, त्याने पाने-पकडी काढल्या आणि दिवे वर घेतले. मला त्याला चहा द्यायचं सुचलं, पण धावत घरी जाऊन चहा आणायचं धाडस होईना. मधेच परीक्षा उरकली तर!

जीप पुन्हा मागे गेली. पुढचं मला मनोजनेच सांगितलं. मोरी अजून यायची होती. मनोज काचेतून डोळे ताणून वळणाकडे बघत होता. झाडं, गवत, सावली, आई कुठेच दिसेना. "थांब जरा, जाणू," तो म्हणाला, "आई उठून गेली का बघू दे." जाणू हळूच बोलला, "जांभळीच्या बुंध्याशी बघ." तिथे एक हात वर होता. तो कधीचा वर होता कोण जाणे. त्यांना ती दिसायच्या आधीच तिला दिवे दिसले होते.

जीप वळणावर येऊन थांबली. जाणूने चावी काढली, दिवे आपोआप विझले. मनोज खाली उतरला आणि आईसमोर उभा राहिला. त्याला बहुतेक तिला हाताला धरून घरी न्यायचं होतं. तेवढ्यात घाटाकडे निघालेली एक गाडी थांबली, काच खाली झाली, आणि आमची कमळ बोटं वर करून चिबडांचा भाव करायला लागली. मधे उभ्या राहिलेल्या मनोजला तिने कोपराने बाजूला सारलं.

मनोज जाणूकडे वळला. "चल, मला टोकावड्याला सोड. चहा पाजतो तुला, सुरेंद्रलापण." आणि आईला तिथेच ठेवून तो जीपमध्ये जाऊन बसला. जाताना जाणूने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. त्याने कंटाळ्याचं कारण सांगायला तोंड उघडण्याआधीच मी म्हणालो, "जा रे बाबा, आता काय बोलू नको."

जीप गेली. मी पायवाटेच्या तोंडाशी तसाच उभा, डोळे पुसत. कमळने पलीकडून मला पाहिलं आणि सगळ्या मुलखाला ऐकू जाईल अशी ओरडली, "अवं, तुमी कशाला उभं? घरी जा! गिऱ्हाईक लाजतंय!"

मी घरी गेलो.