आडनावाचं गाव

हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत मशीन बसवायला पोलंडहून इंजिनियर आला होता. मी तिथे जुने सुटे भाग विकायला जात असे. त्याचं आडनाव हेच त्याच्याकडच्या एका शहराचंही नाव. एक खाटीक, एक मंत्री, एक फुटबॉलवाला, सगळे त्याच आडनावाचे आणि कुणी कुणाचं काही लागत नाही, असं तो हसत सांगायचा. त्या शहरात तो कधी गेलाही नव्हता. मला हसू आलं नाही.

माझंही आडनाव गावावरून. वणा नदीकाठचं ते गाव आजोबांनी सोडलं. याच आडनावाचे वर्ध्यात एक मास्तर आहेत, एक बँडवाला आहे. नातं कुणाशी नाही. त्यांना गावाचं काही पडलेलं नाही. मला आहे. स्वतःच्या हिमतीवर धंदा केला, पिपरीत घर बांधलं. एकदा पोळ्याला त्या गावच्या तोरणाखाली माझी बैलजोडी उभी राहावी, एवढंच हवं होतं.

गेल्या वर्षी घासाघीस करून देखणी जोडी घेतली, शिंगं रंगवली आणि पोळ्याच्या दुपारी पिकअपमधून थेट गावात उतरवली. म्हाताऱ्या पाटलाने हात आडवा केला. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून त्यांना जेवणाचं आवतण देतात, हे मला ठाऊक होतं. ते याच गावातल्या अंगणात व्हावं लागतं, हे नव्हतं. मी देऊळ रंगवून देतो म्हणालो, मग सभामंडपही बांधतो म्हणालो. लोक हसले. मी तापलो, नको ते बोललो.

"भाऊ, आडनाव वापरा ना खुशाल," पाटील म्हणाला. "पण आवतणाबिगर बैल इथं उभा नाई राहत."

तोरण तोडून पोळा फुटला तेव्हा मी कासरा धरून बाजूला उभा होतो. एक म्हातारी पुरणपोळी घेऊन आली. या आडनावाचं गावात तिचं एकच घर उरलं आहे. तिने दोन्ही बैलांना घास दिला.

"तुमचं आमचं काई लागत नाई," ती म्हणाली. "पण पुढच्या साली आदल्या दिवशीच येजो. खांदे माह्या अंगणात शेकू."

बघू, म्हणालो. सौदा मोडायचा असला की मी हेच म्हणतो.

वर्ष होत आलं. बैल टिनाच्या शेडमध्ये बसून खातात. विकून टाका, असं बायको रोज म्हणते. गिऱ्हाइकं येतात, मी परत पाठवतो. आवतण पाटलानेच द्यायला हवं होतं, हे अजून डोक्यातून जात नाही. पण आता भांडायचाही कंटाळा येतो. काल पिकअपवाल्याला पोळ्याच्या आदल्या दिवशी यायला सांगितलं. तो म्हणाला ते भाडं कबूल केलं.