जिभेखालची गोळी

भरवेली या खाणीच्या गावातली ती सकाळ मी अजून विसरलेले नाही. पोलिसाची नोकरी आता सोडली आहे, तरी नावं लिहीत नाही.

लॉकडाऊन चालू होता. निम्मं ठाणं नाक्यांवर बंदोबस्ताला, आणि मी नवीन उपनिरीक्षक. हवालदार खबर घेऊन आले. "मॅडम, खदानीच्या वस्तीत एक बाई नशेच्या गोळ्या ठेवते. रोज सकाळी देते."

आम्ही गेलो. बाईजवळ स्टीलच्या डबीत गोळ्या सापडल्या. तिचा नवरा बाजेवर बसला होता. मी नाव विचारलं. तो नुसता बघत राहिला.

"मुका हायस का बे?" हवालदार गरजले. त्याने नाही म्हणून मान हलवली. हवालदारांनी हात उगारला. "माल दाबला तोंडात. दोन ठेवून देऊ, मॅडम?"

"थांबा," मी म्हटलं. ओरडून चौकशी करणं मला कधी जमलंच नाही.

बाई मध्ये आली. "हात नोका लावू त्याईले! जिभेखाली गोळी हाय. बोलले त पोटात जाते, मंग काम नाही करत. नशा सोडवाची, दवाखान्याची हाय."

"मले नोको शिकवू. ते गोळी रोज नर्ससमोर खा लागते. घरी काहून आली?"

हवालदारांचं खरं होतं. नियम तसाच होता. मी जप्तीसाठी डबी उचलली.

"ह्या नेल्या त उद्यापासून हे तडफडतीन," बाई म्हणाली. "मंग पुन्हा नशेची सुई."

डबी हातात धरूनच मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "बस बंद, रोज येणार कसे? म्हणून आता काही दिवसांच्या गोळ्या घरच्यांच्या ताब्यात देतो. बाई खात्रीच्या आहेत."

मी डबी परत दिली. तेवढ्यात नवऱ्याने तोंड पुसलं. "आता विचारा, मॅडम."

विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी म्हटलं, "झोप लागते?"

"हौ. आता लागून राह्यली."

परतताना हवालदारांनी स्वतःच वायरलेसवर सगळ्या नाक्यांना सांगितलं, दवाखान्याच्या गोळ्या आणणाऱ्यांना अडवू नका.

गप्प बसणाऱ्याला गुन्हेगार समजण्याची पोलिसाला सवय असते. माझी ती सवय लागण्याआधीच मोडली. रीत बदलण्याची हिंमत करणारे डॉक्टर आणि वर्दीपुढे उभी राहिलेली ती बाई, दोघांचे माझ्यावर उपकार आहेत. आणि त्या माणसाचेही. दारात पोलीस, डोक्यावर हात उगारलेला, तरी त्याने गोळी पूर्ण विरघळू दिली. त्याला बरं व्हायचं होतं. याहून स्पष्ट जबाब मला नोकरीत कुणी दिला नाही.