सहा ठिपक्यांचा थ्रिप्स

फवारणीवाले चार वाजता येणार होते आणि माझ्या डबीत होती नुसती पिल्लं.

डबी कळस गावच्या नूरजहाँभाभींनी पाठवलेली. एक एकर वांगं, पहिला तोडा आठ दिवसांवर. पानं पांढुरकी पडत होती, पानामागं बारीक जाळी होती. हे काम लाल कोळ्याचं. हा टाचणीच्या टोकाएवढा, पानाचा रस पिणारा. पण भाभींनी पान कागदावर झटकलं तर थ्रिप्सही पळताना दिसले. थ्रिप्स म्हणजे फुलकिडे. आमच्याकडं ते दिसले की माणूस आधी पंप शोधतो.

आमची लॅब बारामतीत. साहेब म्हणाले, "थ्रिप्सच आहेत ना? मग दे औषध लिहून. कशाला कीस पाडतेस?"

"सर, पिल्लांना पंख नसतात. पंख बघितल्याशिवाय प्रकार कसा सांगू?"

"मग चारपर्यंत पंख फुटणारेत का?"

"नाही. म्हणून मीच जाते."

राग आला होता, खोटं कशाला बोलू! भाभींना फोन लावला. "मी येईपर्यंत एक थेंब मारू देऊ नका."

"अवो मॅडम, ह्यांनी औषध कालवून ठेवलंय. तुमी या लवकर."

साडेतीनला बांधावर पोचले. पान झटकलं, भिंग लावलं. पिल्लांबरोबर दोन मोठे सापडले. फिकट पिवळे, पंखांना झालर. झालर सगळ्याच थ्रिप्सना असते. पण यांच्या प्रत्येक पुढच्या पंखावर तीन काळपट ठिपके होते, दोन्ही मिळून सहा. मानेमागं लांब केस. पिकाला छळणाऱ्या नेहमीच्या थ्रिप्सना हे ठिपके नसतात. तरी माझं समाधान होईना. काचेच्या बशीत कोळी असलेलं पान ठेवलं, त्यावर एक मोठा सोडला. थोड्या वेळानं त्यानं कोळ्याचं अंडं धरलं आणि रिकामं केलं. मी मोठ्यानं "शाब्बास!" म्हणाले.

भाभींचे मालक शौकतभाई वाकून बघत होते. "म्हंजी ह्यो कोळी खातुय?"

"तेवढंच खातो. हे औषध मारलंत तर हा मरेल. कोळी मात्र या औषधानं मरत नाही."

"आन न्हाय मारलं आन प्लॉट गेला तर?"

"तर मला शिव्या द्या."

"शिव्या दिऊन वांगी येत्यात व्हय?"

मी तोंड उघडायच्या आत भाभी बोलल्या. "मारायचं न्हाय. रोपं म्या लावल्यात, म्याच ठरीवनार."

शौकतभाईंना कालवलेलं औषध वाया जाताना बघवेना. "मग रस्त्याकडच्या चार सऱ्या तरी मारतो. केलेलं वतून देऊ का काय?" आमच्या भागात कालवलेलं औषध ओतून देणं म्हणजे शिजवलेलं अन्न उकिरड्यावर टाकणं. मी नको म्हटलं. ऐकतंय कोण! फवारणीवाले आले आणि चार सऱ्या झाल्याच.

त्यानंतर मी रोज फोन करत होते. भाभींनी दहाव्या दिवशी बोलावलं. प्लॉटवर नवी पानं हिरवीगार, तोडा सुरू. रस्त्याकडच्या चार सऱ्या मात्र जाळ्यानं मढल्या होत्या. शौकतभाई तिथंच उभे होते. स्वतःच्या हातानं एकेक झाड उपटत होते.

"मॅडम, राखनदारच मारला की वो म्या," ते म्हणाले.

लॅबमध्ये परतून साहेबांना रिपोर्ट दिला. त्यांनी सही केली आणि विचारलं, "मग औषध कोणतं लिहिलंस?"

"कोणतंच नाही."

औषधाचा तो कॉलम रिकामा सोडणं नोकरीत सगळ्यात अवघड असतं.