एकतिसावी तारीख

चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी उपाशी राहू नयेत, पडल्या-झडल्या तर कुणाला तरी कळावं, म्हणून आमच्या खारमधल्या इमारतीत पाळ्यांची यादी मी केली. तीस घरं, तीस तारखा. ज्याची तारीख त्याने दुपारी डबा न्यायचा आणि दोन शब्द बोलून यायचं. कागद लिफ्टशेजारी चिकटवला. एप्रिल बिनचूक गेला.

आजींच्या समोरचं घर मी यादीत घेतलं नव्हतं. तिथली बाई कोळीण, बाजारात मासे विकते. आजी गुजराती, कांदासुद्धा खात नसत. तिचा डबा त्यांना चालणार नाही, हा विचार मी मिनिटभरात उरकला. बाजारातून परतताना ती रोज उंबऱ्याबाहेरून ओरडायची, "ओ बा, हायस ना?" आतून "हजी मरी नथी!", अजून मेले नाही, असं उत्तर आलं की मगच स्वतःचं कुलूप काढायची. हे मला माहीत होतं. ते मी काम म्हणून धरलं नाही. कागद लागल्यावर ती हाक ऐकू येईनाशी झाली, तेही मनावर घेतलं नाही.

मेच्या एकतीस तारखेला आजी मोरीत पडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन गेलेल्यांना सापडल्या. चौथ्या दिवशी रुग्णालयात वारल्या.

यादी तीस तारखेला संपत होती; एकतीस तारखेला कुणाचंच घर नव्हतं.

मुलगी तत्त्वज्ञान घेऊन बीए करतेय. त्या आठवड्यात मी तिची उजळणी घेत होते. कर्तव्यवादात नियम सगळ्यांना सारखा. माझी यादी तशीच होती. परिणामवाद बेरीज बघतो: साठ दिवस जेवण पोहोचलं, एक दिवस चुकला. तिथेही मी निभावून गेले असते. सद्गुणवाद विचारतो, माणूस कसा आहे? व्यवस्थित आहे, असं सोसायटीत कुणीही सांगेल. मग काळजीच्या नीतिशास्त्राचं पान आलं.

"यात नियमाआधी नातं, आई. समोरच्याकडे लक्ष द्यायचं. आणि आधीपासून काळजी कोण घेतंय, तेही बघायचं."

"म्हणजे पक्षपातच की."

"हा आक्षेप पुढच्या पानावर आहे. दोन मार्क तुला."

मी वही मिटली आणि चौथ्या मजल्यावर गेले. कोळीण दारात बसून कोयता घासत होती.

"तुम्ही आजींना हाक मारणं बंद का केलंत?" मी विचारलं.

"कागद लागला ना तुमचा. समद्यांची नावं, माझं न्हाय. म्हटलं, सेक्रेटरीबाईंना आपला वास नको असंल."

मी वळून आजींच्या बंद दाराकडे बघितलं.

"काय तरी पडल्याचा आवाज आला व्हता त्या दिवशी," ती म्हणाली. "दाराशी गेले, तशीच परत आले. म्हटलं, आज ज्याचा नंबर हाय तो येल." मग तिने वर पाहिलं. "कुनाचा व्हता नंबर?"

यादीत माझी तारीख बारा होती.

"माझा," मी म्हटलं.

ती कोयता घासत राहिली.