मुंबईच्या फ्लॅटमधलं आडनाव

मुंबईत मी माझ्या आईला दुसऱ्याच आडनावाने ठेवलं. तिला न सांगता ठेवलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आईच्या घशात गाठ निघाली आणि नागपूरच्या डॉक्टरांनी किरणांचे शेक घ्यायला मुंबईला न्यायला सांगितलं. शेक बरेच आठवडे चालणार होते. लॉजमध्ये तिला गिळता येईल असं पातळ काही शिजवता आलं नसतं, म्हणून एका दलालाने सामानासकट मिळणारा फ्लॅट दाखवला. पलंग, पातेली, चमचे, खिडकीतून समुद्राची एक पट्टी, आणि स्वयंपाकघरात देवांसकट देव्हारासुद्धा. मालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहत.

"सोसायटीत कुणी विचारलं तर आमचे नातेवाईक म्हणून सांगायचं हं," त्या म्हणाल्या. "भाडेकरू म्हटलं की लोक कटकट करतात. आडनाव काय आपलं?"

माझ्या तोंडातून आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कचं आडनाव निघून गेलं. बाई खूश झाल्या. "अगंबाई, म्हणजे आमच्यातलेच! मग नातेवाईक म्हणायला काय हरकत?"

आम्ही बौद्ध. मी शाळेत असताना आईबाबांनी नागपुरात दीक्षा घेतली होती. त्या दिवशी नेसलेली पांढरी साडी आईने जपून ठेवली होती. मुंबईला येताना ती साडी आणि बुद्धाची फ्रेम ट्रंकेत सगळ्यात वर होती. फ्रेमसाठी ती भिंत शोधू लागली तेव्हा मी म्हणालो, "इथं खिळा ठोकू देत नाहीत माय."

"टेबलावर ठेव मग."

"धक्का लागून फुटन. राहू दे ट्रंकेत."

खिळ्याची गोष्ट खरी होती, म्हणून बाकीचं खोटं बोलायला जड गेलं नाही.

एका दुपारी मालकीणबाई मऊ भात घेऊन वर आल्या आणि दारातूनच त्या आडनावाने 'काकू' अशी हाक मारली. आईने मागे वळून पाहिलं. खोलीत आणखी कुणी आलंय असं तिला वाटलं.

"कोनाले आवाज देऊन राहिल्या ह्या?" तिने मला विचारलं.

"अहो, तुम्हालाच!" बाई हसल्या. "स्वतःचं आडनाव विसरलात की काय?"

आई माझ्याकडे बघत राहिली. शेकांनी तिचा आवाज बसला होता. घोगऱ्या आवाजात तिने आमचं खरं आडनाव सांगितलं. "आमी बौद्ध आहो, बाई." ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.

बाईंनी भाताचं भांडं ओट्यावर ठेवलं. देव्हाऱ्यातले देव एकेक करून पदरात घेतले आणि खाली गेल्या. घर गेलं तर शेक अर्धवट राहणार.

"माय, खरं सांगितलं तर घर भेटनार नाही असं वाटलं मले. तुले कुठं ठेवलं असतं?"

"तिचे देव होते, तिनं नेले," आई म्हणाली. "माहं नाव तू काहून नेलं, बाबू?"

तिने ट्रंक पुढे ओढली. "खाली जाऊन आपलं नाव सांग. तवरक मी शेकाले येत नाही."

बाईंनी दार अर्धंच उघडलं. मी आडनाव सांगितलं. "शेक संपेपर्यंत राहा," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पण सोसायटीत आमचे नातेवाईक म्हणून सांगू नका."

वर आलो तेव्हा फ्रेम टेबलावर होती, आणि आई पांढरी साडी नेसून दवाखान्यात निघायला तयार बसली होती.

शेक पूर्ण झाले. तिची माफी मात्र मी मागितली नाही. बाईंवर राग धरून बसलो, ते सोपं होतं.

नागपूरला, नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी, शेजारच्या बायका आईला बघायला आल्या. "पोरानं मायले फ्लॅट घेऊन ठेवलं वं! खिडकीतून समुद्र दिसे म्हनते. असा पोरगा भेटाले नशीब लागते."

आई मान खाली घालून चहा फुंकत होती. तिने मला उघडं पाडलं नाही. ते मला सोसवेना. मी सगळ्यांदेखत तिच्या पायाशी बसलो.

"माय, त्या घरात मी तुहं नाव लपवलं. घर भेटनार नाही म्हणून नाही, मले लाज वाटली म्हणून. मी चुकलो. मले माफ कर."