हिंजवडीहून बोलणारी वैशाली

माझी अशी फजिती झालीय बायांनो, की आठवलं की माझाच कान पिरगाळावासा वाटतो. चहा घ्या. हसायचं ते शेवटी हसा.

आमचे हे बिनतारी संदेशाचे इंजिनियर. आधी टॉवर उभे केले, मग कॉलेजात जन्मभर तेच शिकवलं. मी सातवीत नापास, तिथेच शाळा सुटली. मला त्यातलं काय कळणार? जेवताना हे आमटीच्या वाटीचा डोंगर करून लाटा कुठे अडतात ते दाखवायचे. मी म्हणायची, "अहो, आमटी गार होतेय!"

रिटायर झाले आणि घर मुकं झालं. विद्यार्थी फोन करतील म्हणून मोबाईल कायम उशाशी. कोण करतंय? वाजलाच तर गॅसवाला! पुढे पुढे हे जेवेनात. भिंतीकडे बघत बसायचे नुसते. मला धडकीच भरली हो.

पोरांना शिकवायला आणलेले दोन वॉकीटॉकी घरात होते. त्यातला एक हे रोज पुसून, चालू करून टेबलावर ठेवायचे. का ते विचारू नका. माझ्या डोक्यात किडा वळवळला. "कुरडया राखायला जाते," म्हटलं आणि दुसरा पदराखाली घालून गच्चीवर! तोंडात पदर कोंबला, बटण दाबलं.

"सर, मी वैशाली. तुमची जुनी विद्यार्थिनी. हिंजवडीहून बोलतेय."

नुसती खरखर. मग आवाज आला, "बोल वैशाली. जेवलीस का?"

अहो, माझ्याशी महिनाभर धड बोलला नव्हता हा माणूस! त्या रात्री मागून पोळी घेतली.

मग काय, रोज दुपारी वैशाली हजर. पण हे तिला सांगायचे काय?

"आमच्याकडे आमटीत मीठ फार असतं गं."

"हो का सर?" मी दात खाऊन. दुसऱ्या दिवशी मीठ कमी.

"बाईंचा टीव्ही फार मोठ्यानं चालतो." टीव्ही बारीक.

"आणि घोरतात केवढ्या!"

"काहीतरीच काय! म्हणजे... असं नका म्हणू सर."

असं करता करता एकदा म्हणाले, "रविवारी जेवायलाच ये." माझ्या तोंडून निघून गेलं, "येते सर!" मेले की हो मी!

रविवारी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, मला तिसरं पान मांडायला लावलं आणि दारात जाऊन उभे राहिले. पोरगी नाही आली तर पुन्हा ती भिंत! धावत गच्चीवर गेले.

"सर, ट्रॅफिकमध्ये अडकलेय. कंपनीची बस हलतच नाहीये."

"असू दे. गच्चीचं दार लाव आणि खाली ये. भात गार होतोय."

खाली आले तशी मान वर होईना. "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी. मध्ये टेकडी आहे, हा सेट हिंजवडीहून इथे पोचत नाही. आमटीच्या वाटीनं किती वेळा दाखवलं तुला? आणि भर श्रावणात कुरडया कोण वाळवतं?"

"मग बोलत का राहिलात?"

हे त्या तिसऱ्या पानाकडे बघत राहिले. "दुसरं कोण बोलत होतं?"

मग यांनी ते ताट उचलून ठेवलं आणि आमटीची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"एवढी पोरं शिकवली. आठवण ठेवणारी एकच निघाली, आणि तीही नापास!"