गंगूची बदली

तिसरा भाग सुरू होऊन दोन मिनिटं झाली होती आणि शांता गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. आम्ही बारा, पुण्याच्या मुली दहा. म्हणजे एका बास्केटने आम्ही पुढे. पण शांता वाकलेली बघून मला कळलं, हे पुढे असणं फार वेळ टिकायचं नाही.

तेहतीस-चौतीस सालच्या सुमाराची ही गोष्ट. सोलापुरात बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात मी ड्रिल शिकवत होते. मास्तरीण व्हायला आलेल्या मुलींना कवायत आणि खेळ शिकवायचे, हे माझं काम. बास्केटबॉल तेव्हा नवा होता. मुरमाचं मैदान, दोन टोकांना दोन खांब, त्यांवर लोखंडी कडी. मुली नऊवारीचा काष्टा घट्ट आवळून अनवाणी खेळायच्या.

बायकांचे नियम वेगळे होते. एका बाजूला सहा जणी. मैदानाच्या मधोमध रेघ. तीन फॉरवर्डनी पलीकडे गोल करायचे, तीन गार्डनी अलीकडे अडवायचं. रेघ कुणी ओलांडायची नाही. आठ-आठ मिनिटांचे चार भाग. दमलेल्या मुलीच्या जागी दुसरी घालता यायची, तिला आम्ही बदली म्हणायचो. बाहेर गेलेली मुलगी परत आत येऊ शकत होती, पण एकदाच. त्यामुळे बदली जपून वापरावी लागे.

पुण्याच्या बाईंनी दहा मुली आणल्या होत्या. त्या दोघी-दोघी बदलत होत्या आणि ताज्या मुली आत आल्या की पाच मिनिटं खेळ नुसता पळवत होत्या. माझ्याकडे होत्या आठ. त्यांच्या चालीने पळालो तर शेवटी आमच्यात उभं राहायलाही कुणी उरलं नसतं.

मी शांताला बाहेर घेतलं आणि गंगूला पाठवलं.

गंगू माळशिरसकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नेम बेताचा. पण ती कधी घाई करत नसे. मी तिला एवढंच सांगितलं, "गोल नाही झाला तरी चालेल. चेंडू आपल्याकडे राहू दे."

"व्हय, बाई," म्हणाली आणि गेली.

हातात चेंडू तीन सेकंदांपेक्षा जास्त धरता येत नसे. गंगू दोन मोजायची आणि द्यायची. परत घ्यायची, परत द्यायची. खेळ मंदावला. पुण्याच्या ताज्या मुलींना पळायचं होतं, पण पळायला चेंडूच मिळेना. रेघेच्या अलीकडे आमच्या गार्ड उभ्या राहून श्वास घेत होत्या. तिसरा भाग संपला तेव्हा आम्ही चौदा, त्या बारा.

चौथा भाग सुरू झाला आणि मोठ्या बाई खुर्चीवरून उठून माझ्याकडे आल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या सुपरिंटेंडेंट. पाहुण्यांच्या खुर्च्यांवर शाळाखात्याचे साहेब बसले होते.

"शांता बाहेर का?"

"दमलीय. शेवटच्या चार मिनिटांना घेते."

"साहेब विचारताहेत, खेळ थांबलाय का म्हणून. या मुली नुसता चेंडू फिरवताहेत."

"तेच करायला सांगितलंय मी."

"देवळेबाई, लोक खेळ बघायला आलेत. शांताला घ्या."

"चार मिनिटं थांबा."

"आत्ता घ्या."

त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांना कधी चढवावा लागत नसे. मी हात वर केला आणि गंगूला बोलावलं. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि कडुनिंबाखाली जाऊन बसली.

शांताने आत गेल्या गेल्या गोल केला. टाळ्या पडल्या. सोळा-बारा. मग ती पळू लागली, तिच्याबरोबर सगळ्याच पळू लागल्या. चेंडू आला की शांता लगेच फेकायची. चुकला की चेंडू पलीकडच्या टोकाला, आमच्या गार्डच्या अंगावर. असं तीन वेळा झालं, तीन वेळा गोल बसला. सोळा-अठरा.

तीन मिनिटं उरली होती. शांताचे ओठ पांढरे पडले होते. ती पडण्याआधी मी तिला बाहेर घेतलं. तिची परत आत यायची खेप तिथे संपली. गंगूची एक उरली होती.

"ऊठ, गंगू."

ती उठली. "पाय गार पडल्यात, बाई," एवढंच म्हणाली आणि गेली.

आता चेंडू राखून उपयोग नव्हता, गोल हवा होता. ते तिचं काम नव्हतं, आणि मी तिला ते शिकवलंही नव्हतं. शेवटी चेंडू तिच्या हातात आला तेव्हा समोर कुणी नव्हतं. तिने सवयीने दोन मोजले आणि चेंडू दुसरीला दिला. शिट्टी झाली. सोळा-अठराच राहिले.

पुण्याच्या मुली चहाला गेल्यावर गंगू माझ्याजवळ आली.

"बाई, माजं काय चुकलं?"

"काही नाही."

"मग भाईर का काडलं?"

मला खोटं सुचलं नाही. "मोठ्या बाईंनी सांगितलं."

"असं व्हय," म्हणाली आणि पाण्याच्या घागरी उचलायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली. नंतर महिनाभराने मिशनच्या शाळेशी सामना होता. तिथे मी काही सांगायला हात केला, तर गंगू माझ्याकडे बघेना. ती मोठ्या बाई बसल्या होत्या त्या खुर्च्यांकडे बघत होती. मग माझ्या लक्षात आलं, सगळ्याच जणी आधी खुर्च्यांकडे बघून मग माझ्याकडे वळताहेत.

मी मोठ्या बाईंच्या ऑफिसात गेले. म्हटलं, "सामना चालू असताना बदली मी ठरवीन. नाहीतर ड्रिलपुरतीच ठेवा मला."

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या वाईट बाई नव्हत्या. साहेबांनी मान डोलावली तर पुढच्या वर्षी मैदानाला कुंपण मिळणार होतं, आणि ते कुंपण मुलींसाठीच होतं.

"ठीक आहे," म्हणाल्या. "मग हरलात तर साहेबांना उत्तरही तुम्हीच द्यायचं."

मी हो म्हणाले. कुंपण काही मिळालं नाही. पुढची अकरा वर्षं बदली मीच ठरवली आणि बाहेर काढलेल्या प्रत्येक मुलीला त्याच वेळी कारण सांगितलं. सामने तरीही बरेच हरलो. ते सगळे माझ्या नावावर आहेत.